बांधावरच्या गप्पा : फुटक्या बांगड्यांचे राज्य



दिवाळी आटोपली. घरोघर झाडलोट झाली, माळ्यावरची अडगळ खाली आली आणि दाराशी भंगारवाल्याचा काटा लागला. नांगराचा झिजलेला फाळ, सायकलची वाकडी रिम, फुटकी घागर, गाडीच्या चाकाची जुनी धाव असे जे वजनात भरले ते गेले. जे भरले नाही, म्हणजे फुटक्या कपबशा, बांगड्यांचे तुकडे, तुटलेली कौले, ते उकिरड्यावर गेले. या उकिरड्याबद्दल मला पुढे दोन शब्द बोलायचेच आहेत. पण आज आधी तुम्हांला एका गावाला न्यायचे आहे. तिथे एका माणसाने नेमका हाच टाकाऊ माल घेऊन एक आख्खे राज्य उभे केले. त्या राज्यात राजे आहेत, राण्या आहेत, शिपाई आहेत, पाणी आणणाऱ्या बायका आहेत, माकडे, मोर आणि अस्वले आहेत, आणि सगळे भंगाराचे!

हे राज्य चंदीगडला आहे. नाव ‘रॉक गार्डन’, म्हणजे दगडांची बाग. ज्याने ते उभारले त्याचे नाव नेकचंद सैनी. पंजाबकडे शेतकऱ्यांच्या सहली घेऊन जाण्याचा योग मला आला आहे. लुधियानाचे कृषी विद्यापीठ, तिथले गव्हाचे प्लॉट, अवजारांचा विभाग हे सारे पाहून झाले की एक दिवस चंदीगडला काढावा, असा माझा आग्रह असतो. आपली मंडळी आधी कुरकुरतात. “साहेब, दगड बघायला इतक्या लांब कशाला? आमच्या माळावर काय कमी आहेत?” आत गेल्यावर मात्र त्यांना बाहेर काढताना नाकी नऊ येतात.

शेतकऱ्याचा मुलगा

नेकचंद यांचा जन्म १९२४ सालचा. गाव बेरियां कलां, तालुका शकरगढ. हा भाग त्या काळी गुरदासपूर जिल्ह्यात मोडत असे. आपल्या नामदेवरायांचे घुमान ज्या जिल्ह्यात, तोच हा जिल्हा. घर शेतकऱ्याचे. नदीकाठी खेळायचे, दगडगोटे आणि फुटक्या बांगड्या गोळा करायच्या, त्यांची माणसे करून खेळ मांडायचा, आणि रात्री आईच्या तोंडून राजाराणीच्या गोष्टी ऐकायच्या, असे त्यांचे लहानपण गेले. आपल्यापैकी कोणाचे वेगळे गेले?

मग १९४७ साल उजाडले. देशाची फाळणी झाली आणि शकरगढ पाकिस्तानात गेले. घर, शेत, विहीर, गोठा सारे मागे टाकून हे कुटुंब इकडे आले. धरणात गाव गेलेल्या मंडळींना हे दुःख समजावून सांगायला नको. फरक इतकाच की धरणग्रस्ताला पाणी ओसरल्यावर निदान देवळाचा कळस तरी दिसतो. यांच्या गावाच्या आणि यांच्या मधे सरहद्द आली.

पंजाबची राजधानी लाहोर. तीही पाकिस्तानात गेली. तेव्हा नवी राजधानी बांधायचे ठरले आणि ल कॉर्ब्युझिए नावाच्या परदेशी वास्तुशिल्पज्ञाकडे नव्या शहराचा आराखडा सोपवला गेला. सरळ रुंद रस्ते, आखीव चौकोनी विभाग, प्रत्येकाला नंबर. हेच चंदीगड. १९५१ च्या सुमारास नेकचंद यांना तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षकाची नोकरी मिळाली. म्हणजे रस्त्याच्या कामावर उभे राहून खडी, डांबर आणि मजूर यांच्यावर नजर ठेवणारा माणूस.

शहराखाली गेलेली गावे

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे शहर काही उजाड माळावर उठले नाही. तिथे खेडी होती. वीसपेक्षा जास्त खेड्यांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. घरे पाडली गेली, आंब्याच्या राया होत्या, विहिरी होत्या, गव्हामक्याची शेते होती. जमिनीचा मोबदला मिळतो, पण घर पाडल्यावर मागे जे उरते त्याची किंमत कोण करणार? फुटके रांजण, चुलीचे दगड, बायकांच्या बांगड्यांचे तुकडे, तुटलेल्या थाळ्या, मुलांच्या मोडक्या सायकली. ते सगळे ढिगाऱ्यात गेले.

नेकचंद यांचे स्वतःचे गाव असेच सुटलेले. त्यांनी हे ढिगारे पाहिले आणि त्यातला माल उचलायला सुरुवात केली. नोकरी सुटली की सायकल काढायची. डोंगराच्या पायथ्याशी शिवालिकच्या ओढ्यांत पाण्याने घासून घासून चित्रविचित्र आकार आलेले गोटे सापडत. कोणी बसलेल्या बाईसारखा, कोणी मान वळवलेल्या पक्ष्यासारखा. ते सायकलला बांधून आणायचे. जाता येता पाडलेल्या घरांचा माल गोळा करायचा. शहराच्या उत्तर टोकाला सुखना तलावाजवळ झाडझाडोऱ्याची एक घळ होती. आराखड्याप्रमाणे तिथे काहीही बांधायचे नाही असा नियम होता, म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. तिथे एक झोपडीवजा खोली करून हा माल साठवला, आणि १९५७-५८ च्या सुमारास कामाला हात घातला.

दिवसा सरकारी नोकरी, रात्री हे काम. उजेडाला जुने टायर जाळत, असे सांगतात. पत्नीची साथ होती. बाकी जगाला पत्ता नाही. एक नाही, दोन नाही, सुमारे अठरा वर्षे हे चालले. आपण अठरा वर्षांत मुलगी लहानाची मोठी करतो. या माणसाने तेवढ्या काळात रानात एक गाव वसवले. बारातेरा एकरांत चौक, वाटा, भिंती आणि शेकडो पुतळे उभे राहिले. एका पैशाचे अनुदान नाही, कोणाची मंजुरी नाही.

सरकारी जमीन आणि सरकारी शहाणपण

मंजुरी नाही, हीच खरी मेख होती. जमीन सरकारची, राखीव. माणूस सरकारी नोकर. नियमाप्रमाणे पाहिले तर हे उघड अतिक्रमण. १९७५ च्या सुमारास प्रकार उघडकीला आला, तेव्हा नोकरी जाणार आणि सारे जमीनदोस्त होणार, हे ठरल्यासारखेच होते.

पण झाले वेगळेच. बातमी पसरली तसे लोक पाहायला येऊ लागले. ज्यांनी पाहिले त्यांनी इतरांना सांगितले. शहराच्या सौंदर्याची काळजी वाहणारी एक समिती होती. तिचे प्रमुख डॉ. महिंदरसिंग रंधावा. हे नाव शेतीखात्यातल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक आहे. पंजाब कृषी विद्यापीठाचे ते कुलगुरू, आणि भारतीय शेतीचा मोठा इतिहास लिहिणारे गृहस्थ. या समितीने बाग आहे तशी राखावी असा कौल दिला. १९७६ साली बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना रस्त्याच्या कामातून मोकळे करून पगारासह याच कामावर नेमले, ‘सब-डिव्हिजनल इंजिनियर, रॉक गार्डन’ असा हुद्दा दिला, आणि हाताखाली पन्नास मजूर दिले. शहरात ठिकठिकाणी फुटकी भांडी आणि चिंध्या गोळा करण्याची केंद्रे निघाली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मी स्वतः सरकारी खात्यात जन्म घालवला आहे, म्हणून हे सांगतो. नियम असावेतच. गायरानात उद्या प्रत्येकाने आपापले राज्य थाटायचे म्हटले तर गुरे कुठे चरतील? नेकचंद यांचे उदाहरण देऊन कोणी माझ्याकडे अतिक्रमण कायम करून मागायला येऊ नये! पण नियम हातात असलेल्या माणसाने आधी जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहावे आणि मग कागदावर सही करावी, एवढे शहाणपण त्या वेळी चंदीगडच्या अधिकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी ते दाखवले नसते तर आज तिथे चार झुडपे असती.

चला, आत जाऊ

तिकीट काढून दाराशी आलात की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की दार ठेंगणे आहे. उंच माणसाला मान लववावीच लागते. आतली कितीतरी दारे अशीच. वारकऱ्याला याचे नवल वाटणार नाही. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना आपण वाकतोच. इथे फेटेवाला, टोपीवाला, साहेब, सगळे सारखेच वाकतात.

आत वाट अरुंद. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वळण घेत जाणाऱ्या. पुढे काय आहे ते वळल्याशिवाय कळत नाही. एका चौकात नुसते दगड मांडले आहेत, हात न लावलेले, ओढ्यातून आणले तसेच. बघत राहिलात की त्यांत माणसे दिसू लागतात. पुढच्या वळणावर भिंत लागते ती डांबराच्या रिकाम्या पिंपांची. आणखी पुढे भिंतीत विजेची जुनी बटणे, प्लगचे खोके, चिनी मातीचे फ्यूज ओळीने बसवलेले. एके ठिकाणी पोती रचल्यासारखी भिंत आहे. जवळ जाऊन हात लावा. पोत्यात भिजून दगड झालेले सिमेंट! आपण असे पोते पाहिले की कपाळाला हात लावतो आणि गोठ्याच्या दाराशी पायरी म्हणून टाकतो. इथे त्याची भिंत झाली.

मग लागतात पुतळे. एकदोन नाहीत, पलटणच्या पलटण. डोक्यावर घागर घेतलेल्या बायकांची रांग. अंगभर फुटक्या बांगड्यांचे कपडे ल्यालेल्या नाचणाऱ्या मुली, ऊन पडले की लाल, हिरव्या, निळ्या चमकणाऱ्या. पांढऱ्या कपबशांच्या तुकड्यांचे मोर आणि पक्षी. काळ्या खंगराची माकडे. हा खंगर म्हणजे भट्टीत जळून राहिलेला खडबडीत माल. नीट पाहिलेत तर जनावराचे डोके म्हणजे सायकलची सीट, पाय म्हणजे सायकलचा चिमटा, धड म्हणजे सायकलची फ्रेम! काही पुतळ्यांच्या डोक्यावर खरे केस आहेत, न्हाव्याच्या दुकानातून झाडून आणलेले.

आमच्या सहलीतल्या एक आजीबाई त्या घागरवाल्या बायकांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “या सगळ्या आमच्या गावच्या आहेत. विहिरीला पाणी असतानाच्या.” यावर कोणी काही बोलले नाही. त्यांच्या गावात गेली कित्येक वर्षे उन्हाळ्यात टँकर येतो.

दुसऱ्या भागात गेलात की पाण्याचा आवाज येतो. उंच कड्यावरून धबधबे कोसळतात. कडाही माणसाने रचलेला आणि पाणीही चढवलेले. खाली पाट, त्यावर छोटे पूल. भिंतींवरून वडाच्या पारंब्या आणि झाडांची मुळे उतरलेली दिसतात. बोटाने टिचकी मारा, सिमेंटची आहेत! त्यांच्या शेजारी खरे झाड उभे असते. खरे कोणते आणि घडवलेले कोणते यावर मुलांची पैज लागते.

तिसरा भाग मोठा, मोकळा. उंच कमानींची ओळ आणि प्रत्येक कमानीत लांब दोरांचा झोका. झोके लहान मुलांचे नव्हेत, मोठ्यांचे. नागपंचमीला आपल्याकडे पूर्वी पोरीबाळी झोके घेत, तसे इथे सुना, सासवा, म्हाताऱ्या सगळ्या पाय जमिनीवरून उचलतात. आपल्या मंडळींतले एक सोसायटीचे चेअरमन, घरी कधी हसताना कोणी पाहिले नाही असे गृहस्थ, झोक्यावरून उतरायला तयार होईनात. वाकड्यातिकड्या आरशांचा एक भाग आहे. त्यात जाडा माणूस बारीक होतो आणि बारीक माणूस सरपंच दिसतो. चिंध्यांच्या मोठ्या बाहुल्यांचे दालनही आहे. शिंप्याच्या दुकानातली कात्रणे आणि जुने कपडे यांच्या त्या बाहुल्या नेकचंद यांनीच करवून घेतल्या.

आज ही बाग सुमारे ४० एकरांवर पसरली आहे, आणि रोज हजारो माणसे ती पाहायला येतात.

हे केले कसे?

ज्यांच्या हाताला कामाची सवय आहे त्यांना हा प्रश्न पडतोच, म्हणून थोडक्यात सांगतो. पद्धत साधी आहे. आधी आतला सांगाडा. त्यासाठी मोडक्या सायकलची फ्रेम, वाकलेले गज, तार, पाइपचे तुकडे असे काहीही चालते. सांगाड्यावर सिमेंट आणि वाळूचा गिलावा थराथराने चढवून आकार आणायचा. शेवटच्या थरात सिमेंट जास्त, वाळू बारीक. तो ओला असतानाच बांगड्यांचे, कपबशांचे, फरशीचे तुकडे दाबून बसवायचे. थर वाळल्यावर तुकडा धरत नाही, म्हणून तुकडे आधी रंगवार निवडून टोपल्यांत तयार ठेवायचे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सिमेंटच्या कामाला पाणी हवे. ओले गोणपाट गुंडाळून निदान आठ दिवस दोन्ही वेळ शिंपण करावी. आपल्याकडे हौदाला आणि कुंडीला तडा जातो तो बहुतेक वेळा या आळसापायी.

पण कारागिरीपेक्षा मोठी गोष्ट निवडीची आहे. नेकचंद यांनी माल ढिगाने आणला, पण टाकला नाही. बांगड्या बांगड्यांत, बटणे बटणांत, गोटे गोट्यांत, असे वेगवेगळे लावून ठेवले. बी निवडणाऱ्या बाईला हे चटकन समजेल. मिसळलेले धान्य म्हणजे गुरांचे खाद्य, आणि निवडून ठेवले की बियाणे.

राज्यावर आलेली संकटे

बाग मान्य झाली म्हणून संकटे टळली असे नाही. १९८९ च्या सुमारास बागेच्या काही भागातून रस्ता काढायचा बेत झाला. बुलडोझर आले. तेव्हा शहरातली साधी माणसे हातात हात घालून आडवी उभी राहिली, प्रकरण कोर्टात गेले आणि बाग वाचली. १९९६ साली नेकचंद परदेशात असताना देखभालीची माणसे काढून घेतली गेली आणि मागे पुतळ्यांची मोडतोड झाली. पुन्हा लोकच पुढे आले. पुढच्याच वर्षी नेकचंद यांच्या नावाने एक संस्था निघाली. तिच्यामार्फत देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन दुरुस्तीला हात लावू लागले.

नेकचंद जून २०१५ मध्ये वारले. नव्वद वर्षांचे पुरे आयुष्य. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या हायकोर्टाकडे जाणारा रस्ता आणि गाड्या लावायची जागा वाढवण्यासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. गावातल्या लोकांनी विरोध केला, सभा घेतल्या, पण तेवढी भिंत गेली. म्हणजे पाडलेल्या घरांच्या तुकड्यांतून उभी राहिलेली भिंत पुन्हा पाडली गेली. एकदा राखले म्हणजे कायमचे राखले, असे कधीच होत नाही. बांधाचे तेच, विहिरीचे तेच, गावच्या ओढ्याचेही तेच. दर पिढीला नव्याने उभे राहावे लागते.

आपल्या घरची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, साहेब, हे सगळे ठीक, पण आमचा काय संबंध? तर ऐका.

गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतून जुनी घरे झपाट्याने पडत आहेत. धाब्याची, माळवदाची, कौलारू. त्यांच्या जागी स्लॅबची घरे येत आहेत. याबद्दल माझी तक्रार नाही. गळके घर कोणी का सोसावे? पण घर पाडताना त्यातला माल ज्या घाईने आणि ज्या भावाने जातो ते पाहून जीव हळहळतो. सागवानी तुळया, नक्षीचे खांब, पितळी कड्या, घडीव दगडांचे जोते. व्यापारी एक ठोक रक्कम सांगतो, आपण हो म्हणतो, आणि तोच दरवाजा शहरातल्या हॉटेलात शोभेला लागतो. म्हणून घर पाडण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली : पाडण्याआधी मालाची यादी करा. लाकूड किती, दगड किती, लोखंड किती. प्रत्येक मालाचा भाव वेगळा विचारा, दोन ठिकाणी विचारा. ठोक सौदा करू नका.

दुसरी : जे नव्या घरात बसवता येईल ते बाजूला काढा. जुना सागवानी दरवाजा किडलेला नसेल तर आजही नव्यापेक्षा सरस. घडीव दगड अंगणाला, ओट्याला, गोठ्याच्या तळाला लावा. साबूत कौले कोंबड्यांच्या खुराड्याला आणि रोपांच्या सावलीला कामी येतात.

तिसरी : एक तरी वस्तू विकू नका. आजीचे जाते, मोटेचे चाक, तिफण, पायली. अंगणात तुळशीशेजारी मांडा. नातवंडे विचारतील, “हे काय?” मग तुम्हांला सांगायला काहीतरी राहील. नेकचंद यांना आपल्या गावातून काहीच आणता आले नव्हते, म्हणून त्यांना दुसऱ्यांचे तुकडे गोळा करावे लागले. तुमचे तर तुमच्या दाराशी आहे.

चौथी : शाळेकडे पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात खेळायला काही नसते आणि खेळण्यांसाठी निधी नाही असे उत्तर मिळते. जुने ट्रॅक्टरचे टायर अर्धे पुरून त्यांवरून उड्या मारता येतात. मजबूत लाकूड आणि दोर असला की झोका होतो. कुंपणाच्या भिंतीवर फरशीच्या तुकड्यांनी अंक, अक्षरे, मोर, बैल बसवता येतात. गावात एक गवंडी आणि दहा उत्साही पोरे असली की आठ दिवसांचे काम आहे. गुरुजींची संमती आणि ग्रामपंचायतीचा ठराव मात्र आधी घ्या. नेकचंद यांच्यासारखे अठरा वर्षे लपवून करू नका!

काय करू नये?

हौस करताना जिवाला धोका नको, म्हणून पुढील सूचना घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

कीटकनाशकाचे डबे आणि बाटल्या कितीही धुतल्या तरी पुन्हा कशालाही वापरू नयेत. कुंडीलाही नको, खेळण्यालाही नको, पाण्याला तर मुळीच नको. औषध संपले की डबा तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतावे. मग डब्याला भोके पाडून तो निकामी करावा आणि मुले, गुरे, विहीर यांपासून दूर, लेबलावरील सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी.

सिमेंटचे जुने पत्रे फोडू नयेत, कापू नयेत. त्यातले अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि वर्षानुवर्षांनी दुखणे काढतात.

टायर जाळू नयेत. नेकचंद यांनी अंधारात नाइलाजाने जाळले. तो धूर विषारी असतो. होळीतही टायर टाकू नका. टायर तसेच पडू दिले तर त्यात पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास होतात, म्हणून पुरलेल्या टायरला तळाशी भोके पाडा.

जुन्या बॅटऱ्या, बल्ब आणि ट्यूबलाइटच्या नळ्या मुलांच्या हाती देऊ नका. बॅटरीत शिसे असते, नळीत पारा असतो.

आणि आता तो उकिरडा. फुटकी काच, बांगड्या, कपबशा उकिरड्यावर कदापि टाकू नका. त्या शेणखताबरोबर शेतात जातात. मग खुरपणाऱ्या बाईच्या हातात आणि अनवाणी पोराच्या पायात रुततात. जखमेला शेणमाती लागली की धनुर्वाताची भीती. घराच्या कोपऱ्यात एक जुनी घागर किंवा डबा ठेवा आणि फुटलेली काच त्यातच टाका. वर्षभरात डबा भरेल. मग त्याचा मोर करायचा की भंगारात द्यायची हे तुम्ही ठरवा, पण शेतात नको.

जायचे झाल्यास

मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या वाचकांना पंजाब वाटतो तितका लांब नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, मनमाड, भुसावळ या मार्गाने जाते आणि अंबाल्याला थांबते. अंबाल्याहून चंदीगड बसने दीडएक तासाचे. लुधियाना, अमृतसर आणि नामदेवरायांचे घुमान असे एका फेरीत जुळवता येते. दिवाळीनंतर रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर जावे. थंडी कडक असते, म्हणून घोंगडी बरोबर घ्यावी. बाग नीट पाहायला तीन तास हवेत. आत चालणे बरेच आहे, पायऱ्या आहेत, वाटा अरुंद आहेत. म्हाताऱ्या माणसांनी सकाळी लवकर, गर्दी नसताना जावे. लहान मुलांचे बोट सोडू नये, कारण वाटा फसव्या आहेत. पुतळ्यांना हात लावू नये आणि तुकडा काढून आणण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. माळ्यावरून उतरलेला ढीग अजून अंगणात पडला असेल, तर आज संध्याकाळी मुलांना घेऊन त्याच्याभोवती बसा. त्यांना निवडू द्या. सायकलच्या सीटमध्ये त्यांना हरणाचे तोंड दिसेल, तुम्हांला आधी दिसणार नाही. भंगारवाल्याला दोन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही.

पुढील अंकात हरभऱ्यावरील घाटे अळीचा विचार करू. फुलोऱ्याच्या सुमारास शेतात एकरी आठदहा पक्षीथांबे उभे करायचे आहेत. काठ्या आत्तापासून जमवून ठेवा. वाकड्या असल्या तरी चालतील.